न्यूज संपली का?

चित्रपटगृहांत वेळेवर जाणें हें आमच्या दोंडाईच्यांत एके काळीं भोळेपणाचें लक्षण समजलें जात असे. खेळ सहाचा असला तर जाणता मनुष्य सव्वासहाला घराबाहेर पडे, वाटेंत पान लावून घेई, आणि दाराशीं तिकिटें फाडीत उभ्या असलेल्या इसमाला एवढेंच विचारी, “न्यूज संपली का?” संपली नसेल तर त्याला आणखी एक विडी ओढावयास सवड मिळे. तिकीट राजेश खन्नाचें काढावें आणि आधीं एखाद्या धरणाचें दर्शन घ्यावें, हा व्यवहार कोणालाच पसंत नव्हता.

व्यवहार सरकारचा होता. १९४८ सालीं मुंबईस फिल्म्स डिव्हिजन हें खातें निघालें, आणि चित्रगृहाला परवाना हवा असेल तर प्रत्येक खेळाबरोबर सरकारमान्य वार्तापट किंवा अनुबोधपट दाखविलाच पाहिजे, अशी अट पडली. दोन हजार फुटांपर्यंतची फीत, म्हणजे सुमारें बावीस मिनिटें. बरें, ती दाखविण्याबद्दल चित्रगृहाच्या मालकानेंच आपल्या उत्पन्नाचा एक टक्क्याच्या आसपास हिस्सा सरकारजमा करावयाचा. वैद्यानें काढा बळेंच पाजावा आणि त्याची किंमतही रोग्याकडूनच वसूल करावी, तसा हा प्रकार! शिवाय मोठ्या शहरांतील पडद्यांवर फिरून झिजलेली फीत आमच्याकडे पोंचे तोंपर्यंत बातमीची शिळी भाकरी झालेली असे. पडद्यावर महापूर लोटलेला असे, आणि बाहेर आमच्या अमरावती नदीच्या वाळूंत पोरें विटीदांडू खेळत असत.

या उपेक्षित बावीस मिनिटांविषयींच मला लिहावयाचें आहे. प्रयोगशील चित्रपटाचा विषय निघाला कीं आपल्याकडील रसिक मंडळी पॅरिसकडे किंवा टोकियोकडे पाहतात, आणि त्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु त्याच काळांत तसलाच एक प्रयोग सरकारच्या खर्चानें, पत्र्याच्या डब्यांत बंद होऊन, आगगाडीनें आमच्यासारख्या बाजाराच्या गांवापर्यंत येत होता, आणि गांव त्या वेळीं बाहेर पान खात उभें होतें, ही हकीकत फारशी कोणी सांगत नाहीं.

आमच्या घरचीं माणसें मात्र वेळेआधीं जात. आजीचा हिशेब सरळ होता : पैसे पुरे दिले, तर चित्र अपुरें कां पाहावें? वडिलांचें कारण वेगळें होतें. नाना जिल्हा परिषदेच्या शाळेंत शिक्षक होते. ज्या मुलांनीं धुळ्यापलीकडचें जग पाहिलेलें नाहीं त्यांना भाक्रा-नानगल काय किंवा आसामांतील चहाचे मळे काय, कसे समजावून द्यावे ही त्यांची नित्याची अडचण. आणि त्या अडचणीवर न्यूज हा त्यांना सांपडलेला उपाय. अंधारांतच ते खिशांतल्या वहींत कांहीं टिपून घेत. दुसरे दिवशीं वर्गांत तो मळा उभा राही.

बायकांची बाजू डावीकडे होती, आणि मध्यें छातीइतकी उंच भिंत. मी आजीबरोबर बायकांत बसत असें. वर पत्रे, भोंवतीं रडणारीं मुलें. आणि मिरचीच्या हंगामांत तर बाजारांतून तसेच उठून आलेल्या हमालांच्या व अडत्यांच्या कपड्यांतून जो खकाणा उडे, त्यानें सारें थिएटर खोकत असे. पडद्यावर पंतप्रधान असोत कीं हेलन असो, ठसका सर्वांना सारखाच लागे.

१९६९ चें साल असावें. मी बारा-तेरा वर्षांची होतें. नेहमींप्रमाणें अशोकस्तंभाचें चिन्ह आलें, आणि आतां तो भारदस्त आवाज “आपल्या देशांत” असें म्हणून सुरुवात करणार, म्हणून आम्ही सैल होऊन बसलों. आवाज आलाच नाहीं. त्याऐवजीं चित्रें गारांसारखीं कोसळूं लागलीं. बेभान नाचणारीं तरुण मुलें, प्रयोगशाळेंतील उपकरणें, देवांच्या मूर्ति, पुन्हां तीं मुलें. एकही चित्र डोळ्यांत ठरेना. ध्वनि ऐकावा तर रेडिओचा कांटा दोन केंद्रांच्या मधें अडकल्यावर होतो तसा. पुरुषांच्या बाजूनें शिट्या सुरू झाल्या. यंत्र बिघडलें असें समजून कोणी ऑपरेटरच्या नांवानें ओरडला. ऑपरेटरलाही तोच संशय आला असावा, कारण वरच्या झरोक्यांत त्याचें डोकें क्षणभर दिसलें. आजीनें माझा हात धरला आणि आमच्या अहिराणींत विचारलें, “हाई काय शे वं?”

मला सांगतां आलें नाहीं. सात मिनिटांनीं तें वादळ थांबलें आणि मुख्य चित्रपट सुरू झाला. तो कोणता होता हें मला आज आठवत नाहीं. घरीं परततांना नाना बराच वेळ गप्प होते. स्टेशनाजवळ आल्यावर म्हणाले, “परीक्षेला बसलेल्या पोराच्या डोक्यांत जें चालतें ना, तें त्यानें दाखविलें.” या चित्रावर पुढें मोठ्या जाणकारांनीं लिहिलेलें मी पुष्कळ वाचलें. नानांच्या वाक्याहून फार पुढें गेलेला त्यांत एखादाच.

त्या चित्राचें नांव ‘एक्सप्लोरर’, आणि तें प्रमोद पति यांनीं १९६८ सालीं केलें, हें मला फार उशिरां कळलें. पति ओडिशाचे, जन्म १९३२ चा. प्राग शहरीं जाऊन ते बाहुल्यांच्या चित्रपटांची कला शिकून आले होते. बाहुलीच्या चित्रपटांत बाहुली केसभर हलवावी, एक चौकट टिपावी, पुन्हां केसभर हलवावी, अशी रीत असते. सेकंदाला चौकटी लागतात २४. म्हणजे मिनिटाला १,४४०. पतींनीं या रीतींतली बाहुली काढून टाकली आणि तेथें जिवंत मनुष्य उभा केला. माणूस पाय न उचलतां रस्त्यावरून घसरत जातो, खुर्ची त्याच्यामागें धांवते, कपडे आपोआप अंगावर चढतात, असल्या करामती मग सहज साधूं लागल्या. कुटुंबनियोजनाच्या प्रचारासाठीं त्यांनीं केलेला ‘क्लॅक्सप्लोजन’ हा दोनच मिनिटांचा चित्रपट याच तऱ्हेचा. तो लागला तेव्हां बायकांच्या बाजूला पदर तोंडाशीं गेले, पण हंसूं कांहीं आवरलें नाहीं. आजी तर मोठ्यानें हंसली. एरवीं ज्या विषयाचा उच्चार देखील चारचौघींत झाला नसता, त्या विषयावर भिंतीच्या दोन्ही बाजूंचीं माणसें एकदमच हंसलीं.

हें सारें एका सरकारी खात्यांत घडलें कसें? याचें श्रेय बव्हंशीं जहांगीर भावनगरी या एका पारशी गृहस्थाला जातें. हे पॅरिसला युनेस्कोंत नोकरीला होते. चित्रें काढीत आणि जादूचे प्रयोगही करीत. इंदिरा गांधी माहितीखात्याच्या मंत्री असतांना त्यांना बोलावणें गेलें, आणि १९६५ पासून सुमारें दोन वर्षें ते फिल्म्स डिव्हिजनचे मुख्य सल्लागार होते. सल्ला त्यांनीं काय दिला असेल तो असो. त्या अवधींत आणि त्याच्या पाठोपाठ जें निघालें तें पाहिलें कीं त्यांच्या जादूगिरीवर विश्वास बसतो. पंढरपुरास जन्मलेल्या आणि मुंबईंत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरलेल्या हुसेन यांच्या हातीं कॅमेरा दिला गेला. राजस्थानांत जाऊन त्यांनीं १९६७ सालीं ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ केला, आणि बर्लिनच्या महोत्सवांत लघुपटांचें सुवर्ण-अस्वल मिळविलें. तय्यब मेहतांनीं ‘कूडल’ केला तो १९७० सालीं. परंतु त्या सर्वांत माझें मन जडलें आहे तें एस. एन. एस. शास्त्री यांच्या ‘आय ॲम ट्वेंटी’वर. देश स्वतंत्र झाला त्या वर्षीं जन्मलेल्या, म्हणजे १९६७ सालीं विशीत आलेल्या मुलामुलींना त्यांनीं बोलतें केलें. कोणी उमेदीनें भरून बोलतो, कोणी टर उडवितो. या देशाबद्दल आपल्याला प्रेम वाटत नाहीं, असें तोंडावर सांगणाराही त्यांत आहे. आणि हें चित्र सरकारनें, सरकारच्या पैशानें, सरकारच्याच हुकुमावरून गांवोगांव दाखविलें! आजच्या काळांत एखादें खातें असा उदारपणा दाखवील असें मला वाटत नाहीं. पण हें विषयांतर झालें.

जपानची गोष्ट येथें सांगितली पाहिजे, कारण तिच्याशीं ताडून पाहिल्यावरच आपल्याकडील प्रकाराचें नवल ध्यानांत येतें. युद्धानंतरच्या टोकियोंत १९५१ सालीं ‘जिक्केन कोबो’, म्हणजे ‘प्रयोगाची कर्मशाळा’, या नांवानें कांहीं तरुण चित्रकार व संगीतकार एकत्र आले. कांहीं वर्षांनीं निहोन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनीं चित्रपटमंडळ काढलें आणि मोठ्या स्टुडिओंना न विचारतां आपले चित्रपट केले. फुलांची मांडणी शिकविणाऱ्या तेशिगाहारा घराण्याच्या सभागृहांत १९५८ पासून असल्या प्रयोगांना जागा मिळाली. १९६१ सालीं आर्ट थिएटर गिल्ड नांवाची संस्था निघाली. बाहेरदेशांतील न खपणारे चांगले चित्रपट ती प्रथम आणी. आपला ‘पथेर पांचाली’ जपानी प्रेक्षकांना १९६६ सालीं दाखविला तो तिनेंच. पुढें अर्धे पैसे संस्थेचे व अर्धे दिग्दर्शकाचे, मिळून एक कोटी येन, एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर तिनें स्वतः चित्रपट काढले. ओशिमा नागिसा यांचा ‘फांशी’वरील चित्रपट १९६८ चा, मात्सुमोतो तोशिओ यांचा ‘गुलाबांची अंत्ययात्रा’ १९६९ चा. शिंजुकू भागांतील त्यांच्या चित्रगृहांत येणारा प्रेक्षक आपण काय पाहावयास आलों आहों हें पुरतें जाणून तिकीट काढी.

या मात्सुमोतोंचें पहिलें पाऊल मात्र मला फार आवडतें. तेही १९३२ सालींच जन्मलेले. तेवीस वर्षांचे असतांना, १९५५ सालीं, त्यांनीं ‘गिनरिन’ केला, रुपेरी चाकें. हा चित्रपट म्हणजे खरें पाहतां जाहिरात! जपानी सायकली परदेशीं अधिक खपाव्या म्हणून सायकलवाल्यांच्या संघानें तो करून घेतला. एक लहान मुलगा पुस्तक चाळतां चाळतां स्वप्नांत जातो, आणि सायकलींचीं चाकें, आरे, दांडे काळोखांत आपापले तरंगूं लागतात. ‘गोजिरा’ राक्षसाचे चमत्कार ज्यांनीं पडद्यावर उभे केले त्या त्सुबुरायांनीं त्यांतल्या युक्त्या साधून दिल्या, आणि संगीत देणाऱ्यांत तरुण ताकेमित्सु तोरू होते. या चित्रपटानें सायकली किती विकल्या गेल्या कोण जाणे. त्याची फीतही हरवली होती. ती २००५ सालीं सांपडली. मात्सुमोतो पुढें क्योतोच्या निशिजिन पेठेंतील विणकरांवर चित्रपट करून व्हेनिसला गाजले, तोही असाच कोणाच्या तरी सांगण्यावरून केलेला माहितीपट होता. हानी सुसुमु यांनीं १९५४ सालीं वर्गांतल्या मुलांवर जो चित्रपट केला, आणि ज्यानें तेथील माहितीपटाची तऱ्हाच पालटली, त्याचा खर्च शिक्षणखात्यानें केला होता. म्हणजे प्रयोगाला पोसणारा धनी तेथेंही होता. त्याला सायकली विकावयाच्या होत्या, पोलाद विकावयाचें होतें, शिक्षकांना शहाणें करावयाचें होतें. आणि कलावंतानें त्याच्या पैशांतून आपलें स्वप्न चोरून बाहेर काढलें.

फरक पडतो तो प्रेक्षकापाशीं. शिंजुकूच्या प्रेक्षकानें प्रयोग निवडला होता. आमच्या प्रेक्षकावर तो लादला होता. पतींचीं सात मिनिटें दोंडाईच्याच्या ज्या हमालानें पाहिलीं, त्यानें ‘प्रयोगशील’ हा शब्द उभ्या आयुष्यांत ऐकला नसेल. तो शिट्टी वाजवून मोकळा झाला. संख्येचाच विचार करावयाचा तर जगांतील कोणत्याही प्रयोगी कलावंताला मिळाला नसेल एवढा प्रेक्षक पति-शास्त्रींना मिळाला. पण त्या प्रेक्षकाचें एक पाऊल दाराबाहेर असे. यांत भाग्य कोणाचें म्हणावें, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदां विचारला आहे, आणि एके काळीं माझें उत्तर ठाम होतें. मला वाटे, सक्तीच बरी! आजीच्या हातून निवड कोणती झाली असती? देवादिकांचे चित्रपट सोडून ती कशालाच गेली नसती. सक्ती होती म्हणून तर ‘हाई काय शे’ हा प्रश्न तिच्या तोंडून निघाला.

तें उत्तर पुढें तितकेंसें ठाम राहिलें नाहीं, याला १९७६ हें वर्ष कारण झालें.

आणीबाणी लागून वर्ष होत आलें होतें. कुटुंबनियोजनाच्या मोहिमेला जोर चढला होता. महाराष्ट्राच्या विधिमंडळानें तर तीन मुलांनंतर शस्त्रक्रिया सक्तीची करणारें विधेयकच त्या वर्षीं संमत केलें. राष्ट्रपतींची संमति न मिळाल्यामुळें तें कायदा होऊं शकलें नाहीं. परंतु कायद्यावांचून काम अडलें नाहीं. १९७६-७७ या एका वर्षांत देशांत ८० लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतील कांहीं आणण्याची कामगिरी ठिकठिकाणीं शिक्षकांवर होती. ‘केस’ हा शब्द आमच्या घरांत तेव्हां प्रथम आला. नानांना दोन केसेस आणावयास सांगण्यांत आलें होतें. त्यावांचून पगार निघणार नव्हता. ज्या घरांतील मुलें आपण शिकवितों त्या घरांत हें मागणें घेऊन जावयाचें, हें त्यांच्यानें होईना. दोन-तीन संध्याकाळीं ते सायकल काढून गेले आणि कोणाच्या ओट्यावर न थांबतां परत आले. अखेर त्यांनीं एक नांव लिहून दिलें तें स्वतःचें. दुसरें नांव दिलेंच नाहीं. पगार तीन महिने अडला. आईच्या पाटल्या त्या सुमारास गेल्या त्या परत आल्या नाहींत. नाना याविषयीं पुढें कधीं बोलले नाहींत, आणि येथेंही मी अधिक लिहीत नाहीं.

त्याच दिवसांत एकदां आम्ही चित्रपटास गेलों होतों. पडद्यावर लाल त्रिकोण आला. त्यापाठीमागून आला तो कोणता तरी जुना, थट्टेखोर लघुपट. एके काळीं भिंतीच्या दोन्ही बाजूंना ज्यानें हंसविलें त्याच जातीचा. या वेळीं कोणी हंसलें नाहीं. शिट्टीही नाहीं. पुढच्या बांकांवरचीं कांहीं माणसें उठून मुकाट्यानें दाराकडे निघालीं. तीं मजुरी करणारीं, खेड्यांतून बाजाराला आलेलीं माणसें होतीं, आणि दाराबाहेर कोणी गाडी घेऊन उभें आहे कीं काय अशा बेतानें आधीं डोकावून मग बाहेर पडत होतीं. भिंतीपलीकडे पाहिलें तों नानांची जागाही रिकामी होती. मुख्य चित्रपट सुरू झाल्यावर ते आंत येऊन बसले.

मी तेव्हां कॉलेजांत होतें, आणि एक गोष्ट मला तेथेंच बसल्या बसल्या उमगली. पडद्यावरच्या कलेंत तसूभरही फरक पडला नव्हता. तीच कल्पकता, तीच गंमत. फरक पडला होता तो पडदा कोणाच्या हातांत आहे यांत. ज्या सत्तेनें आम्हांला बाकांवर बसवून ‘एक्सप्लोरर’ दाखविला, तिनेंच आतां आम्हांला दुसऱ्या टेबलावर बोलावलें होतें. आणि कलावंत काय करीत होते? प्रमोद पति १९७५ सालींच गेले. वय अवघें बेचाळीस-त्रेचाळीस. पण ज्या सुखदेवांनीं ‘इंडिया ६७’मध्यें निवेदनाचा एक शब्दही न वापरतां सारा देश दाखविला होता, त्यांनींच १९७६ सालीं आणीबाणीची तरफदारी करणारा ‘थंडर ऑफ फ्रीडम’ केला. त्यांच्यावर दगड उचलण्याचें माझ्या मनांत नाहीं. धन्याच्या पैशांतून स्वप्न चोरून काढतां येतें हें खरें, पण धनी एखादे दिवशीं तिजोरीपाशीं स्वतःच येऊन उभा राहतो, आणि त्या दिवशीं काय करावें हें जपानच्या सायकलवाल्यांकडून शिकतां येत नाहीं. सायकल न घेणाऱ्याला तेथें कोणी धरून नेत नव्हतें.

मार्च १९७७ मध्यें आणीबाणी उठली. नाना पुन्हां चित्रपटांना येऊं लागले. पण आतां तेही चौकांत पान लावून घेत आणि दाराशीं आल्यावर विचारीत, “न्यूज संपली का?” ती वही त्यांनीं कोठें ठेवून दिली तें मला ठाऊक नाहीं.

नोकरीच्या निमित्तानें मी कांहीं वर्षें पुण्यांत होतें. तेथें राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या कृपेनें ही सारी मंडळी मला नांवानिशीं भेटली. मणि कौल यांचा ‘अरायव्हल’ मीं तेथेंच पाहिला. फिल्म्स डिव्हिजननेंच १९८० सालीं काढलेला हा वीस मिनिटांचा चित्रपट. मुंबईंत रोज काय काय येऊन पडतें तें त्यांत आहे : भाजी, फळें, शेळ्या-मेंढ्या, आणि माणसें. भाजीची पाटी ज्या नजरेनें दाखविली आहे त्याच नजरेनें मजुराची पाठ. निवेदन नाहीं. मी पाहत होतें आणि मला आमचें स्टेशन दिसत होतें. मिरचीचीं पोतीं, त्यांच्यावर बसून गाडीची वाट पाहणारीं माणसें, आणि त्यांना पोंचवावयास आलेल्या बायका. आम्हीं आजवर फक्त निघणें पाहिलें होतें. पोंचणें कसें असतें तें मला त्या दिवशीं दिसलें. भोंवतीं बसलेल्या जाणकारांत मात्र सारें कसें चिडीचूप होतें. कोणी खोकत नव्हतें, कोणी ओरडत नव्हतें, आणि संपल्यावर जी चर्चा झाली तींत ‘अवकाश’ हा शब्द फार आला. मला राहून राहून वाटे, येथें एक शिट्टी हवी होती. हे चित्रपट ज्या खोकणाऱ्या, रडणाऱ्या, बाहेर निघून जाणाऱ्या गर्दींत फेंकले गेले ती गर्दी काढून टाकली, कीं त्यांचा अर्धा भाग कापून ठेवल्यासारखें होतें. अलीकडे देशोदेशींच्या कलादालनांत ‘एक्सप्लोरर’ दाखवितात, आणि तेथें तो पांढऱ्या भिंतींच्या मधें अतिशय शांतपणें पाहिला जातो म्हणे!

दूरदर्शन घरोघरीं आलें, आणि न्यूजची सक्ती हळूहळू कागदावरच उरली. २०२२ सालीं फिल्म्स डिव्हिजनचेंच काम राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या हवालीं झालें. आमच्या टॉकीजचे पत्रे त्याआधींच उतरले होते. पण सरकारनें मधल्या काळांत एक शहाणपण केलें : यांतले पुष्कळ लघुपट इंटरनेटवर ठेवले. आतां ते कोणालाही, केव्हांही, न मागतां मिळतात. कोणावरही सक्ती नाहीं, आणि अर्थातच फारसें कोणी पाहत नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं उन्हाळ्यांत मी दोंडाईच्यास होतें. नानांना पंचाऐंशी उलटून गेलीं होतीं; ऐकूं कमी येई, पण डोळे शाबूत होते. दुपारीं त्यांना झोंप येईना म्हणून मीं मोबाइलवर पतींचा ‘आबिद’ लावला. ‘धर्मयुग’मधल्या ‘ढब्बूजी’मुळें आबिद सुरतींचें नांव त्यांना ठाऊक होतें. हा १९७२ चा, पांचेक मिनिटांचा चित्रपट. एक खोली आहे, आणि चित्रकार ती रंगवीत सुटला आहे. भिंती, वस्तु, कांहीं म्हणून सोडीत नाहीं. तो स्वतःही बाहुलीसारखा झटक्याझटक्यानें हलतो आहे. नानांनीं चष्मा सांवरून, मोबाइल दोन्ही हातांत धरून तो शेवटपर्यंत पाहिला. मधें एकदां हंसलेही.

“यांत सांगायचें काय आहे?” त्यांनीं विचारलें.

“कांहीं नाहीं, नाना.”

“कुटुंबनियोजन नाहीं?”

“नाहीं.”

“बरें आहे मग,” ते म्हणाले. “पुन्हां लाव.”